पिठलं-भात आणणारं माणूस

तू मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अगं-तुगंच करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वय एकोणतीस, माहेर सांगलीकडचं, नोकरी हिंजवडीत. लग्नाला साडेचार वर्षं झाली, त्यातली अडीच एकत्र. मूल नाही. परस्परसंमतीने घटस्फोटाचा अर्ज केलात, सहा महिने थांबायची मुदत न्यायालयाने माफ केली आणि डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, हातात येऊन तीन आठवडे झाले. मारहाण नव्हती, पण घरात दिवसचे दिवस कुणी तुझ्याशी बोलत नसे. बाहेर पडायचा निर्णय तुझाच होता. आता तू विचारतेस की मीच मागितलेल्या घटस्फोटाचं मला इतकं दुःख का होतंय, मैत्रिणींना अजून किती दिवस त्रास द्यायचा, आणि मे महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाला जायचं की नाही, कारण आई म्हणाली, ‘ये, पण हळदीच्या वेळी पुढे पुढे करू नकोस.’ अगदी शेवटी एक ओळ आहे : मंगळसूत्राचं काय करू?

बावीस वर्षं मी पुण्यात विवाह समुपदेशन करते. तुझ्या वयाच्या पुष्कळ मुली या खुर्चीत येऊन बसल्या. त्यांच्याकडून जे शिकले ते सांगते.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारची बाई पिठलं-भाताचं पातेलं घेऊन येते. ती कारणं विचारत नाही, सल्ला देत नाही. ‘दोन घास खाऊन घे,’ एवढंच म्हणते, भांडी घासते आणि जाते. मग दहावा, तेरावा. लोक येऊन सतरंजीवर बसतात, नुसते बसतात. दुःख करायला माणसाला जागा मिळते आणि दिवसही मिळतात. तुझ्या दारात मात्र पिठलं-भात घेऊन कुणी आलं नाही, कारण कुणी मेलेलं नाही. उलट फोन आले ते ‘सुटलीस बाई’ म्हणणारे, नाहीतर ‘थोडं सहन करायला हवं होतंस’ म्हणणारे. दोघांनीही तुला रडायची जागा ठेवली नाही. सुटलेल्या माणसाने रडायचं नसतं, आणि चुकलेल्या माणसाला रडायचा हक्क नसतो!

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल मांडणी केली. समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, ते दुःख माणसाला एकट्याने आणि लपवून वाहावं लागतं, म्हणून ते जास्त जड होतं. त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या उलथापालथींना गुण देऊन एक मोजपट्टी केली होती. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण. त्याच्या खालोखाल घटस्फोट, ७३. नोकरी जाण्याला ४७. तक्ता जुना आहे आणि तो परदेशात तयार झाला, तरी मी तो अजून टेबलाच्या खणात ठेवते. ‘मी उगाच बाऊ करतेय का?’ असं विचारणाऱ्या मुलीला तो दाखवला की तिचे खांदे जरा खाली येतात.

आणि तू नवऱ्यासाठीच रडतेस असं समजू नकोस. पत्रात तू त्याच्याबद्दल चार ओळी लिहिल्यास आणि गॅलरीतल्या गवती चहाच्या कुंडीबद्दल सहा. नणंदेच्या दहावीच्या निकालाबद्दल लिहिलंस, तो तुला कुणी कळवलाच नाही म्हणून. माणूस सोडताना त्याच्याबरोबर कितीतरी गोष्टी सुटतात. रविवारच्या सकाळी सुटतात, ओळखीचा वाणी सुटतो, दोन वर्षांनी आपण कुठे असू याचं मनातलं चित्र सुटतं. निर्णय बरोबर असला तरी हे सगळं गेलंच ना? बरोबर निर्णयाचंही सुतक असतं. ते पाळायला तुला वेळच मिळाला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग खटल्यात सांगितलं की समेटाची शक्यताच उरली नसेल, तर सहा महिने थांबायची अट माफ करता येते. अडकून पडलेल्या जोडप्यांसाठी हे फार चांगलं झालं. पण तुझं कोर्टातलं काम काही आठवड्यांत उरकलं आणि मन मागेच राहिलं, एवढाच त्याचा अर्थ. तुझ्यात काही बिघडलेलं नाही.

आता मैत्रिणी.

तीन आहेत म्हणतेस. एक हॉस्टेलपासूनची, एक ऑफिसातली आणि एक शाळेतली, जी सांगलीतच आहे आणि जिला दोन वर्षांचं मूल आहे. हॉस्टेलवाली हल्ली फोन उशिरा उचलते, म्हणून तुला वाटतं की ती कंटाळली. कंटाळलीही असेल. गेले आठ महिने तू रोज रात्री तिला फोन करतेस, दीड-दीड तास, आणि विषय एकच. ती वाईट नाही, तूही नाहीस. एका माणसाच्या डोक्यावर तीन माणसांचं ओझं दिलंय, एवढंच झालंय.

अमँडा रोझ या संशोधक बाईंनी शाळकरी मुला-मुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मैत्रिणी एकमेकींचे प्रश्न पुन्हा पुन्हा उगाळत बसतात, त्यांची मैत्री जास्त घट्ट दिसली, पण उदासी आणि काळजीही त्यांच्यातच जास्त दिसली. अभ्यास लहान वयाचा आहे, तरी तीस वर्षांच्या बाईलाही तो लागू पडतो असं मी माझ्या अनुभवावरून म्हणते. भोवऱ्यात दोघी हात धरून उतरतात. हात धरलेला असतो म्हणून बरं वाटतं, पण भोवरा काही थांबत नाही. ‘तो तेव्हा असं का म्हणाला असेल?’ या प्रश्नाचं उत्तर तुझ्या मैत्रिणीकडे नाही. त्याच्याकडेही असेल याची मला खात्री नाही. मग तिच्याकडे तेच रोज का मागायचं? तिच्याकडे तुला देण्यासारख्या दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत.

मैत्रिणीकडे उत्तर मागू नकोस, काम सांग आणि वेळ सांग. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे. बाकीचं त्याच्या आजूबाजूचं.

मागे एक मुलगी आली होती, तपशील बदलून सांगते. बँकेत होती, वय तुझ्याएवढंच. तिच्या मैत्रिणी सुरुवातीला रोज येऊन बसायच्या, रडायच्या, त्याला शिव्या घालायच्या आणि दोन महिन्यांत सगळ्याच थकल्या. मी त्या चौघींना एकदा बोलावून घेतलं आणि विचारलं, ‘तुमच्यापैकी कुणाला काय जमतं?’ एक म्हणाली, ‘मला रडणारं माणूस बघवत नाही, पण मी डबा देऊ शकते.’ दुसरी वकिलाच्या ऑफिसात काम केलेली, ती कागदांचं बघते म्हणाली. तिसरी रात्री उशिरापर्यंत जागी असायची, तिने रात्रीचा फोन घेतला. चौथी म्हणाली, ‘मला यातलं काही येत नाही. शनिवारी मी भाजीला जाते, ती माझ्याबरोबर येऊ दे.’ पुढे सहा महिन्यांनी त्या मुलीला विचारलं, सगळ्यात उपयोग कशाचा झाला? ती म्हणाली, शनिवारच्या भाजीचा. तिथे तिची ओळख ‘घटस्फोट झालेली’ अशी नव्हती, मेथीची जुडी कोवळी आहे का बघणारी एक बाई होती ती.

डबा देणारी तर शब्दशः पिठलं-भात आणणारीच.

तुझ्या तिघींचं असंच बघ. ऑफिसातलीला तुझी गोष्ट पूर्ण माहीत नाही म्हणतेस, तर ती तशीच राहू दे. जिला सगळं माहीत नाही अशी एक मैत्रीण या दिवसांत फार मोलाची असते. तिच्याबरोबर दुपारी जेव. रोज एक वेळचं जेवण कुणासमोर तरी बसून झालं, तर निम्मी काळजी मिटते, कारण एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, मग चहा-बिस्किटांवर रात्र निघते आणि पहाटे तीनला पोटात खड्डा पडून जाग येते. त्या वेळी वाटणारं सगळंच काळं असतं. शाळेतलीला फोनवर धरून ठेवू नकोस. तिच्या मांडीवर मूल आहे, सासूबाई शेजारच्या खोलीत आहेत, ती मोकळेपणाने बोलूच शकत नाही आणि त्याचा तिलाही त्रास होतो. तिने दुपारी मूल झोपल्यावर एक निरोप पाठवावा, ‘जेवलीस का?’, आणि तू हो किंवा नाही लिहावंस. बस.

हॉस्टेलवालीला मात्र स्वतःहून काही लिही. शब्द तुझे असू देत, पण साधारण असं : ‘गेले आठ महिने तू माझं ऐकलंस. मला कळतंय, तुला जड झालं असणार. आता रोज फोन नको. रविवारी सकाळी टेकडीवर येशील का? पहिली वीस मिनिटं मी त्याच्याबद्दल बोलेन, मग तू मला थांबवायचंस. आणि तुझं काय चाललंय तेही सांगायचंस.’ शेवटचं वाक्य गाळू नकोस. आठ महिन्यांत तिच्या आयुष्यातही काहीतरी घडलं असेल. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडू शकतो हे कळलं की पाय जमिनीला लागतात, हे मी खूपदा पाहिलंय.

टेकडी मी मुद्दाम सांगतेय. तू बाणेरला राहतेस, टेकडी जवळ आहे. चालताना समोरासमोर डोळे भिडत नाहीत, चढ आला की दम लागतो, वाक्यं आपोआप तुटतात, मध्येच मोर ओरडतो. खोलीत बसून तीच गोष्ट तू दोन तास सांगशील, चढावर ती पंधरा मिनिटांत संपते.

डायरी लिहिते म्हणालीस. यावर माझं मत काही वर्षांपूर्वी बदललं. मी पूर्वी सगळ्यांना ‘मनातलं सगळं लिहून काढ’ म्हणायची. मग डेव्हिड स्बारा या मानसशास्त्रज्ञांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०१३ मधलं काम वाचनात आलं. नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांपैकी काहींना त्यांनी मनातल्या खोल भावना लिहायला सांगितल्या आणि काहींना भावना न आणता दिवसभरात काय केलं तेवढंच. जे आधीपासूनच ‘हे का झालं, याचा अर्थ काय’ याच्या मागे लागलेले होते, त्यांना भावना लिहून काढल्याने फायदा तर झाला नाहीच, उलट सावरायला जास्त वेळ लागला. साधा दिनक्रम लिहिणारे जास्त लवकर सावरले. तुझी वही अशा ‘का’ने भरलेली असणार असं पत्रावरून दिसतं. तेव्हा महिनाभर फक्त हिशेब लिही : उठले साडेसहाला, उपमा केला, बस चुकली, आईला फोन केला, अकराला झोपले. कंटाळवाणं वाटेल. वाटू दे.

हे पत्र मैत्रिणींना दाखवणार असशील तर पुढचा भाग त्यांच्यासाठी.

मुलींनो, त्याला शिव्या घालू नका. तिने ज्या माणसाबरोबर अडीच वर्षं काढली त्याला तुम्ही नालायक म्हणालात, की ती मनात म्हणते, ‘मग मी केवढी मूर्ख!’ उद्या तिला त्याची आठवण आली तर ते तुम्हाला सांगायची तिला लाज वाटेल. त्याचं इन्स्टाग्राम बघून तिला स्क्रीनशॉट पाठवू नका, तिने मागितले तरी नाही. ‘सगळं चांगल्यासाठीच होतं’ म्हणू नका. ‘काही लागलं तर सांग’ हेही म्हणू नका, कारण काय लागतंय हे त्या दिवसांत तिला कळत नसतं, आणि सांगायला संकोच वाटतो तो वेगळाच. त्यापेक्षा ‘मी गुरुवारी साडेसातला येतेय, येताना खिचडी आणते’ असं म्हणा आणि खरंच साडेसातला जा. थकलात तर थकल्याचं सांगा. ‘आज मला ऐकायला जमणार नाही, उद्या दहाला फोन करते’ हे वाक्य तिला दुखावत नाही, न उचललेला फोन दुखावतो. आणि तिला पुन्हा बोहल्यावर चढवायची घाई करू नका. आपल्या चुलतभावाचा मित्र कितीही चांगला असला तरी.

मदत मागायची लाज वाटते असं तू दोन ठिकाणी लिहिलंस. शिकलेली, कमावती मुलगी, स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडलेली, तिने सारखं दुसऱ्याच्या दारात काय जायचं, असं. मला अशा वेळी रखमाबाई आठवतात. अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, आणि १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. तेव्हा त्या विशीतल्या होत्या. तुरुंगात जायला त्या तयार झाल्या. त्यांचं धैर्य आपण सांगतो, पण त्या एकट्या नव्हत्या हे सांगायचं राहून जातं. कामा रुग्णालयातल्या डॉक्टर एडिथ पेची त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांच्या बाजूने एक समिती उभी राहिली, पुढे लंडनला वैद्यकीय शिक्षणासाठी लोकांनी पैसे जमवून दिले. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि परत येऊन आयुष्यभर बायका-मुलांवर उपचार केले. इतक्या मोठ्या बाईलाही माणसं लागली. तुला तीन मैत्रिणी लागतात यात कमीपणा कसला?

तुमच्या दोघांचे मिळून जे मित्रमैत्रिणी होते, त्यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांना बाजू निवडायला लावू नकोस, त्यांच्यामार्फत निरोप पाठवू नकोस, आणि काही जण त्याच्या बाजूला जातील त्याचं दुःख होईल ते होऊ दे. तो जुना व्हॉट्सॲप ग्रुप सोडवत नसेल तर निदान आवाज बंद करून ठेव.

कागदांचं मात्र आता, डोकं जागेवर नसतानाच, उरकावं लागतं, म्हणून त्यात एक मैत्रीण घे. डिक्रीच्या तीन-चार सर्टिफाइड कॉपी काढून ठेव, पुढे प्रत्येक जण मूळ प्रत मागतो. घटस्फोट झाला म्हणून नॉमिनीचं नाव सगळीकडे आपोआप निघून जाईल असं धरून चालू नकोस. पीएफ, विमा, बँक, म्युच्युअल फंड, प्रत्येक ठिकाणी जाऊन ते तपासावं आणि बदलावं लागतं. ऑफिसच्या आरोग्य विम्यात त्याचं नाव आहे का, आणि तू अजून त्याच्या पॉलिसीवर विसंबून आहेस का, दोन्ही बघ. संयुक्त खातं असेल तर बंद कर. ओटीटी, गॅस, ईमेल, सगळ्याचे पासवर्ड बदल. हे सगळं एका शनिवारी दोघींनी बसून, यादी करून, चहाचं थर्मास भरून करायचं. एकटी बसलीस तर दुसऱ्याच कागदावर त्याची सही दिसेल आणि दिवस तिथेच संपेल. लग्नानंतर नाव बदललं नव्हतंस, त्यामुळे एक मोठी खेप वाचली.

आता आई आणि मेमधलं लग्न.

आईचा राग येणं स्वाभाविक आहे. ‘पुढे पुढे करू नकोस’ हे वाक्य जन्मदात्या आईकडून ऐकणं फार जड जातं. पण त्या वाक्यामागे काय आहे ते मला माहीत आहे, कारण अशा पुष्कळ आया माझ्यासमोर बसून रडल्यात. त्यांना मुलीचा कमीपणा वाटत नसतो, हळदीच्या पाटाजवळ कुणीतरी बाई मुलीच्या हातातून वाटी काढून घेईल आणि ते आपल्याला बघावं लागेल, याची भीती असते. म्हणून ती आधीच तुला मागे ओढते. तिच्याही दारात पिठलं-भात आलेला नाही हे लक्षात घे. तिने तर भावकीत अजून सांगितलेलंही नाही. पुण्याची मुलगी कामात आहे, सुट्टी मिळत नाही, असं दोन वर्षं सांगत ती एकटीच हे वाहतेय.

तिच्याशी बोलताना कायद्याचं, हक्कांचं बोलू नकोस. तिच्या मुलखातलं बोल. तुमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच घटस्फोटाचा कायदा केला होता. मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला आणि देशातल्या हिंदूंसाठी १९५५ मध्ये. त्याच्याही आधीपासून आपल्याकडे कितीतरी जातींमध्ये काडीमोड होता, पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत होता, आणि त्या बायका पुढे नांदल्या, त्यांनी लेकरं वाढवली. घटस्फोट हे शहराचं, शिकलेल्या मुलींचं खूळ आहे असं तुझी आई समजते, पण ‘काडीमोड’ हा शब्द तिने तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेला असणार. विचारून बघ. मी एका आईला हे विचारलं तर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘आमच्या आत्याचं झालं होतं.’ मुलीला ही गोष्ट कधीच माहीत नव्हती.

लग्नाला जायचं का? जायची इच्छा असेल तर जा, नसेल तर जाऊ नकोस, पण शिक्षा म्हणून दूर राहू नकोस आणि दाखवून द्यायचं म्हणूनही जाऊ नकोस. जाणार असशील तर शाळेतली मैत्रीण सांगलीतच आहे, तिला काकूंकडून रीतसर आमंत्रण मागून घे. तिने तुझ्या शेजारी बसायचं, एवढंच तिचं काम. एखादं खरं काम तूही अंगावर घे, पाहुण्यांच्या गाड्यांचं किंवा आहेराच्या नोंदवहीचं. हातात काम असलेल्या माणसाला लोक कमी प्रश्न विचारतात. उत्तर आधी पाठ करून ठेव : ‘आम्ही वेगळे झालो, रीतसर. मी बरी आहे. तुमचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?’ बहुतेक लोक गुडघ्याकडे वळतात. परतीची गाडी कुणाच्या मर्जीवर ठेवू नकोस, स्वतःची ठरवून जा. नको झालं की उठता आलं पाहिजे.

आणि हळद? ते आईला किंवा काकूंना विचारू नकोस. चुलत बहिणीला विचार. अंग तिचं, हळद तिची. तिने ‘ताई, तू लाव’ म्हटलं तर जाऊन लाव. माझ्या ओळखीच्या एका घरात नवरीनेच उठून हात धरून बहिणीला पाटाजवळ आणलं होतं, आणि नंतर कुणी चकार शब्द काढला नाही. ती ‘नको’ म्हणाली तर मात्र वाईट वाटेल, आणि त्या संध्याकाळी तुला मैत्रिणीची गरज लागेल. म्हणून हे आत्ताच विचारून घे, मांडवात जाऊन नको.

आता एक गोष्ट मी कधीच गाळत नाही. मैत्रिणी कितीही चांगल्या असल्या तरी काही गोष्टी त्यांच्या हाताबाहेरच्या असतात. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप लागत नसेल किंवा अंथरुणातून उठवतच नसेल, जेवण जात नसेल, कामावर एका ओळीचा ईमेल लिहायला तास लागत असेल, झोपेसाठी गोळ्या किंवा दारू लागायला लागली असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठ. ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असा विचार मनात येत असेल, तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांग. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य चालते आणि मराठीत बोलता येतं. मैत्रिणींनो, तुम्हाला तशी शंका आली तर तिला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, आणि गुपित ठेवायची शपथ घेऊ नका.

तू दुसऱ्या लग्नाबद्दल काही विचारलं नाहीस, म्हणून मीही काही सांगत नाही. ऑफिसातला एक मित्र रात्री घरी सोडतो एवढं तू ओझरतं लिहिलंस. चांगला मुलगा असेल. एकटेपणात पहिलं आपुलकीने बोलणारं माणूस फार मोठं दिसतं, हे लक्षात असू दे. काही महिने त्याला मित्रच राहू दे.

राहिलं मंगळसूत्र. ते, आणि तुझे बाकीचे दागिने, तुझे आहेत. माहेरचं असो वा सासरचं, बाईला दिलेलं स्त्रीधन तिच्या एकटीच्या मालकीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलंय. आधी कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे तुम्ही दोघांनी कोर्टात मान्य केलेल्या अटींमध्ये, दागिन्यांबद्दल काय लिहिलंय ते वाचून घे. मग विकावं, मोडून दुसरं काही करावं की ठेवावं, हे आज ठरवू नकोस. काही मुली ते रागाने मोडतात आणि नंतर हळहळतात, काही उशीखाली ठेवून झोपतात आणि रोज रडतात. मला त्या दोन्हींच्या मधली वाट बरी वाटते. एका डबीत घाल, वर तारीख लिही आणि लॉकरमध्ये ठेव. लॉकर नसेल तर हॉस्टेलवालीकडे दे आणि सांग की सहा महिने मी मागितलं तरी देऊ नकोस. सहा महिन्यांनी दोघी मिळून डबी उघडा. तोवर काय करायचं ते तुला बहुधा सुचलेलं असेल. डबी कुणाकडे आहे ते मात्र त्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेव.